घोरणाऱ्या सशाचे कौतुक पुरे

घोरणारा माणूस सुखाने झोपला आहे, ही आपल्याकडची फार जुनी समजूत. कुंभकर्णाच्या गोष्टीपासून ती मनात घर करून बसली आहे. दिवसभर राबून आलेला घरधनी अंथरुणाला पाठ टेकताच घोरू लागला की घरच्यांना बरे वाटते. ही समजूत मोडायला डॉक्टरांना बरीच वर्षे खर्ची घालावी लागली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि त्या अरुंद वाटेने जाणाऱ्या हवेने टाळू व पडजीभ थरथरते. तो आवाज म्हणजे घोरणे. काहींच्या बाबतीत ही वाट मध्येच पूर्ण मिटते, दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडतो आणि मग माणूस दचकून मोठा श्वास घेतो. अशा माणसांत रक्तदाब आणि हृदयाचे विकार जास्त आढळतात. लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे टाकून झोपत असेल, तर त्याचे टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी तपासून घ्याव्यात, हे आता बहुतेक आईबापांना ठाऊक असते.

माणसाच्या बाबतीत आपण इथवर आलो. पण हीच जुनी समजूत आता सशाच्या पिंजऱ्यात शिरली आहे. ‘आमचा ससा माणसासारखा घोरतो’ असे पाहुण्यांना कौतुकाने सांगितले जाते. मोबाइलवर त्याचे चित्रण होते, ते नातेवाइकांना धाडले जाते, सगळे हसतात. मुले पिंजऱ्याभोवती जमून ‘पुन्हा कर, पुन्हा कर’ म्हणतात. अशी चित्रणे पाहताना मला हसू येत नाही. त्यातले निम्मे ससे तरी जागे असतात, नाकपुड्या फुगलेल्या असतात आणि मान वर ताणलेली असते. ते घोरणे नव्हेच. तो श्वासासाठी चाललेला झगडा आहे.

आरोग्याच्या पानावर सशाचे काय काम, असे काही वाचक विचारतील. काम आहे. घरात राहणाऱ्या जनावराचे आरोग्य हे घराच्या आरोग्याचाच भाग आहे, हे एक. दुसरे म्हणजे, या सशांना घरोघर जे औषध पाजले जाते ते माणसांच्या औषधाच्या डब्यातून येते. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे, कारण या लेखाचे खरे निमित्त तेच आहे.

दासगाव, वहूर, केंबुर्ली या आपल्या पट्ट्यात ससा येतो तो बहुधा मुंबईहून. चाकरमानी मे महिन्यात गावी यायला निघतो, क्रॉफर्ड मार्केटात पिंजऱ्यांच्या रांगेपाशी मुले हट्ट धरतात आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला चार भोके पाडून ससा महामार्गाने गावी येतो. मुलांची सुटी संपली की मुले मुंबईला जातात, ससा आजीजवळ राहतो. मृगापर्यंत सगळे ठीक चालते. अंगणात उन्हे असतात, पडवीत वारा असतो. मग पाऊस लागतो. सावित्रीच्या खाडीकाठी तो कसा लागतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी, पागोळ्यांची धार. वाऱ्याबरोबर सरी आत येतात म्हणून पिंजऱ्याला चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली जाते. आषाढ संपता संपता ससा ‘घोरायला’ लागतो.

आता सशाच्या नाकाविषयी थोडे समजून घेऊ. आपले नाक चोंदले तर आपण तोंडाने श्वास घेतो. सर्दी झालेले मूल रात्रभर तोंड उघडे ठेवून झोपते आणि सकाळी घसा कोरडा पडला म्हणून कुरकुरते, एवढेच. सशाला ही सोय नाही. त्याच्या घशाची रचना अशी आहे की श्वासनलिकेवरचे झाकण मऊ टाळूच्या वर, नाकाच्या बाजूला जाऊन बसते. त्यामुळे नाक ते फुप्फुस हा त्याचा जवळजवळ एकच मार्ग. चरत असतानाही त्याला वास घेता यावा, शत्रूची चाहूल लागावी, म्हणून निसर्गाने ही व्यवस्था केली असावी. रानात ती उपयोगी, पण नाक चोंदले की जिवावर बेतणारी. सशाने तोंड उघडून श्वास घेतला, तर समजावे की अगदी शेवटची वेळ आली आहे. म्हणून सशाच्या नाकातून येणारा आवाज आणि माणसाचे घोरणे यांना एका मापाने मोजणे चूक आहे.

हा आवाज येतो कशाने? कारणे अनेक आहेत. सर्वांत नेहमीचे म्हणजे सशाची सर्दी. इंग्रजी पुस्तकांत तिला ‘स्नफल्स’ म्हणतात. ‘पाश्चुरेला’ नावाचे जंतू हे तिचे मोठे कारण. हे नाव लुई पाश्चर यांच्यावरून पडले. (याच पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस प्रथम माणसाला टोचली, ती सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. माणसावर सशाचे एवढे जुने ऋण आहे, पण ते असो.) पाश्चुरेला कितीतरी सशांच्या नाकात गुपचूप राहतात आणि काहीही त्रास देत नाहीत. प्रवासाची दगदग, गर्दीचा पिंजरा, ओल, कोंडलेली हवा यांनी सशाची ताकद खचली की ते डोके वर काढतात. आधी शिंका, मग नाकातून पाणी, मग घट्ट पांढरा शेंबूड आणि मग ती घरघर. वेळीच उपचार झाले नाहीत तर रोग फुप्फुसात उतरतो, कधी कानात जातो आणि ससा मान एका बाजूला वाकडी करून गोल फिरू लागतो. एकदा जडलेली ही सर्दी औषधाने आटोक्यात येते, पण पुष्कळदा मुळापासून जात नाही. थोडी ओल, थोडी दगदग झाली की पुन्हा उलटते.

दुसरे कारण पिंजऱ्यातच असते. सशाच्या मुतापासून अमोनिया वायू तयार होतो. ताडपत्रीने बंद केलेल्या पिंजऱ्यात तो तळाशी साचतो आणि ससा तळाशीच बसतो. उभ्या माणसाला त्याचा वास येत नाही. म्हणून माझे सांगणे असे की रोज एकदा गुडघे टेकून आपले नाक पिंजऱ्याच्या तळाशी न्यावे. आपल्या डोळ्यांत चुरचुरले तर सशाच्या नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराचे काय होत असेल याचा अंदाज येतो. ताडपत्री पावसाच्या बाजूला लावावी, दोन बाजू उघड्या ठेवाव्यात. पिंजरा पडवीतून आत, चुलीपासून दूर घ्यावा. डासांसाठी लावतो ती वेटोळी अगरबत्ती, जिला आपण सरसकट ‘कासवछाप’ म्हणतो, ती पिंजऱ्याजवळ मुळीच नको. गोष्टीतले कासव सशाला शर्यतीत हरवते. हे धुराचे कासव, कोणत्याही कंपनीचे असो, त्याच्या नाकाला हरवते. वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा पिंजऱ्यात पसरू नये, त्याची धूळही नाकात जाते. कोरडे गवत पसरावे आणि ओले झालेले रोज काढावे.

तिसरे कारण दात. हे कारण घरात कोणाच्या लक्षात येत नाही. सशाचे दात जन्मभर वाढत असतात. पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. ते झिजायला हवेत आणि झिजतात ते भरड गवत तासन्‌तास चघळल्याने. आपण त्याला काय देतो? चपाती, बिस्किटे, कुरमुरे आणि चित्रपटांतल्या सशाच्या हातात पाहिलेले गाजर. गाजर गोड असते. एखादी चकती खाऊ म्हणून ठीक, पण ते सशाचे जेवण नव्हे. गवत कमी पडले की दात वाकडेतिकडे वाढतात, वरच्या दातांची मुळे उलट्या दिशेने वर सरकतात आणि डोळ्यातून नाकात जाणाऱ्या नळीवर दाब येतो. मग डोळ्यातून सतत पाणी वाहते आणि नाकही चोंदते. घरचे डोळ्यांत थेंब घालत बसतात, दुखणे मात्र दाताच्या मुळाशी.

आपल्याकडे गवताची उणीव नाही. दसरा-दिवाळीनंतर डोंगरउतारावरचे गवत कापून त्याच्या गंजी रचल्या जातात. त्यातले कोरडे, बुरशी न लागलेले गवत सशासाठी उत्तम. त्याच्या रोजच्या खाण्यात मोठा वाटा गवताचाच असायला हवा. भाताचा पेंढा हे गवत नव्हे, त्यात कस कमी असतो. पावसाळ्यात दमट झालेला काळसर पेंढा तर घालूच नये. त्यातली बुरशी सशाच्या छातीत जाते आणि तो झटकणाऱ्याच्याही.

चौथे कारण लठ्ठपणा आणि जात. चपट्या तोंडाच्या, आखूड नाकाच्या सशांना सध्या फार मागणी आहे, कारण ते बाहुलीसारखे दिसतात. त्यांच्या नाकाची पोकळी दाबलेली असते, म्हणून ते झोपेत घोरतात. एखादा जाडजूड ससाही घोरतो. कुशीवर आडवा पडून गाढ झोपलेला असताना हलकासा आवाज येतो, मान हलवली की थांबतो, नाक कोरडे असते, खाणे आणि लेंड्या नेहमीसारख्या असतात. असे असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पशुवैद्याकडे पुढच्या खेपेला जाल तेव्हा सांगावे. पण तोच आवाज जागेपणी येत असेल तर पुढच्या खेपेची वाट पाहू नये.

इथे एक अडचण आहे. ससा झोपला आहे की जागा, हे ओळखणे सोपे नाही. तो पुष्कळदा उघड्या डोळ्यांनी झोपतो. नाकाच्या शेंड्याकडे पाहावे. जागेपणी तो सारखा हलत असतो, झोपेत हळू होतो किंवा थांबतो. दुसरी खूण पुढच्या पायांवर असते. ससा मांजरासारखा पंजांनी तोंड पुसतो. नाक वाहत असेल तर पुढच्या दोन्ही पायांच्या आतल्या बाजूचे केस ओले, चिकट, गुठळ्या झालेले दिसतात. नाक पुसून स्वच्छ दिसले तरी पाय खोटे बोलत नाहीत. तिसरी खूण घड्याळाने मोजायची. शांत बसलेला ससा मिनिटाला साधारण तीस ते साठ श्वास घेतो. उन्हाच्या तलखीत हा आकडा वाढतो, पण सावलीत, थंड वेळी, निवांत बसलेला असतानाही कुशी भराभर उडत असतील तर ते बरे लक्षण नव्हे.

ससा मुका असतो असे आपण म्हणतो. तेही खरे नाही. तो कमी बोलतो. दुबळ्या जनावराने रानात आवाज केला तर कोल्ह्याला पत्ता लागतो, म्हणून त्याने आपले दुखणे लपवायची सवय लावून घेतली आहे. भुकेला कुत्रा केकाटतो, आजारी गाय हंबरते, ससा कोपऱ्यात गप्प बसतो. त्यामुळे जे थोडे आवाज तो करतो ते ओळखायला शिकले पाहिजे, आणि शिकणे कठीण नाही.

कपाळावरून, कानांमागून हात फिरवला की तो दात एकमेकांवर हलकेच घासतो. बोट गालाला लावले तर बारीक थरथर जाणवते. हे त्याचे समाधान, मांजराच्या गुरगुरण्यासारखे. पण पाठ वर काढून, अंग आखडून, डोळे अर्धवट मिटून बसलेला ससा मोठ्याने करकर दात वाजवत असेल, तर ते दुखण्याचे लक्षण आहे, बहुधा पोटदुखीचे. दोन्ही आवाज दातांचेच, अर्थ अगदी उलटे. मुलांना हा फरक एकदा दाखवून द्यावा, मग ती मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात.

वयात आलेला नर पायांभोवती गोल गोल फिरत नाकातून ‘हूं हूं’ असा घुमा आवाज काढतो. खाऊची वाटी पाहूनही काही ससे असेच करतात. ही सर्दी नव्हे. त्यावरून कोणी त्याला काढा पाजल्याचे ऐकले की हसावे की रडावे कळत नाही. हात आत घालताच ‘गुर्र’ करून पुढचे पाय मारतो, त्याचा अर्थ ‘माझ्या घरात हात घालू नका’ एवढाच. मागचा पाय जमिनीवर धप्पकन आपटतो, तो धोक्याचा इशारा. मांजर आले, फटाका वाजला, अनोळखी वास आला, तरी तो पाय आपटतो.

या पाय आपटण्याबद्दल आपल्या भागात एक सावधगिरीचा शब्द सांगायला हवा. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. जुलै २०२१ मध्ये तळियेवर डोंगर आला आणि महाड शहर पाण्याखाली गेले. ज्या भागाने हे पाहिले तिथे लोक प्रत्येक आवाजाला कान देतात, आणि ते साहजिक आहे. पण ससा पाय आपटतो म्हणून दरड येणार, किंवा आपटत नाही म्हणून येणार नाही, असा हिशेब कोणी करू नये. त्याचे कान तीक्ष्ण आहेत, आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाज त्याला ऐकू येतात. पण तो मांजराला आणि मेघगर्जनेला एकाच पायाने उत्तर देतो. डोंगराला भेगा पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे व खांब कलणे याकडे पाहावे, प्रशासनाने सांगितले की घर सोडावे. सोडताना पिंजऱ्याला कुलूप लावून जाऊ नये, झाकणाच्या टोपलीत ससा बरोबर घ्यावा. एवढेच सशाचे आणि दरडीचे नाते.

एक आवाज मात्र सशाच्या घरी कधी ऐकू येऊ नये. ती किंकाळी. तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखी, काळजाला घरे पाडणारी. जिवाच्या भीतीने किंवा असह्य वेदनेने ससा ती फोडतो. कान धरून उचलणे हे तिचे एक कारण. चित्रातला जादूगार टोपीतून कानाला धरून ससा काढतो, बाजारातही तसाच उचलतात, म्हणून मुलेही तसेच करतात. छातीखाली एक हात आणि ढुंगणाखाली दुसरा, अशी त्याला उचलण्याची रीत आहे. आणि एक ‘आवाज’ न येण्याचाही असतो. निरोगी सशाच्या पोटाला कान लावला तर अधूनमधून गुडगुड ऐकू येते. त्याचे आतडे चोवीस तास चालू असते. बारा तास काही खाल्ले नाही, लेंड्या थांबल्या, पोट गप्प झाले, की ते आतडे बंद पडल्याचे लक्षण आहे. ‘उद्या पाहू’ म्हटले की पुष्कळदा उद्या पाहायला ससा उरत नाही.

आता औषधाच्या डब्याकडे वळू. ससा शिंकतो, घोरतो. घरात मुलाच्या खोकल्यावर आणलेल्या अमॉक्सिसिलीनच्या पातळ औषधाची अर्धी बाटली उरलेली असते. ‘लहान मुलाला चालते, मग याला का नाही चालणार’ असे म्हणून ड्रॉपरने दोन-तीन मात्रा पाजल्या जातात. हे करू नका. अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, तोंडाने दिलेले पेनिसिलीन, क्लिंडामायसीन, लिंकोमायसीन, एरिथ्रोमायसीन ही औषधे सशाच्या पोटात गेली तर गवत पचवणारे उपकारक जंतू मरतात, त्यांच्या जागी विष तयार करणारे जंतू माजतात, जुलाब लागतात आणि थोड्या दिवसांत ससा दगावतो. घरच्यांना वाटते, सर्दीने गेला. तो सर्दीने नाही, औषधाने गेलेला असतो. पशुवैद्य काही दुखण्यांत सशाला पेनिसिलीन इंजेक्शनने देतात, तो वेगळा भाग आहे. तो त्यांच्या हातचा प्रकार. सशाला तोंडाने चालणारी जंतुनाशकेही आहेत, पण ती कोणती, किती आणि किती दिवस, हे ठरवणारा माणूस औषधाच्या दुकानाच्या फळीपलीकडे उभा नसतो.

खरे तर ही उरलेली अर्धी बाटली मुळात उरायलाच नको होती. मुलाला डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे केले असते तर ती उरली नसती. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून बाटली कपाटात जाते आणि पुढे शेजारच्या पोराला, आजोबांना आणि आता सशाला वाटली जाते. माणसांवरची औषधे निकामी होत चालली आहेत, त्याचा एक झरा याच कपाटातून निघतो. सशाच्या नाकाला बाम चोळणे, कापराची पुरचुंडी पिंजऱ्यात टांगणे, तुळशीचा काढा बळेच तोंडात ओतणे हे प्रकारही बंद व्हावेत. उग्र वासाने त्याचा श्वास आणखी कोंडतो आणि ओतलेला काढा फुप्फुसात जाऊ शकतो.

आमच्याकडे गुरांचा डॉक्टर आहे, सशाचा कुठे आहे, असा प्रश्न येतो. त्यात तथ्य नाही असे नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांची वर्दळ असते, ससा क्वचित येतो. तरीही तिथे जावे. शासनाच्या १९६२ या क्रमांकावरही विचारणा करता येते. सशाचे वजन, आतड्याची स्थिती, छातीचा आवाज तपासायला स्टेथोस्कोप आणि अनुभवी बोटे लागतात, ती तिथे आहेत. पुढची तपासणी किंवा दाताची शस्त्रक्रिया लागली तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १८८६ पासून आहे आणि त्याला लागूनच जनावरांचे मोठे रुग्णालय आहे. शासनानेही थोडे मनावर घ्यावे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत सशांचीही मोजदाद झाली. मोजायला जे जनावर आठवते ते उपचाराच्या वेळीही आठवावे. सशाला न चालणाऱ्या औषधांची यादी मराठीत छापून प्रत्येक दवाखान्याच्या आणि औषधाच्या दुकानाच्या भिंतीवर लावायला फार खर्च येणार नाही.

घरातल्या माणसांविषयी दोन गोष्टी. दमा असलेल्या मुलाच्या खोलीत ससा ठेवू नये. त्याचे केस, कोंडा, लाळ आणि गवताची धूळ यांनी दम्याचा झटका येऊ शकतो. मग घरात दोघे घरघरतात आणि कोणाचे औषध कोणाला याचा गोंधळ होतो. सशाच्या अंगावर गोल टक्कल पडले असेल तर गजकर्णाची शंका घ्यावी, ते मुलांना लागते. ससा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल. कुत्र्याच्या चाव्याची लस सशाच्या चाव्याला सहसा लागत नाही, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

आणखी एक गोष्ट, जी खेड्यातल्या मुलांसाठी आहे. गवत कापताना रानसशाचे पिल्लू सापडते. अंगावर केस, डोळे उघडे, एकटेच दबून बसलेले. ते पोरके नसते. रानसशीण दिवसा पिलांपासून दूर राहते आणि सांजवेळी येऊन दूध पाजते. पिंजऱ्यातला पांढरा ससा मूळ युरोपातला, त्याची पिल्ले बिळात उघडी आणि आंधळी जन्मतात. आपला रानससा वेगळ्याच प्रजातीचा, तो बीळ करत नाही आणि पिंजऱ्यात जगत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे हा गुन्हा आहे. पिल्लू जिथे होते तिथेच ठेवावे आणि विळा दुसऱ्या बाजूने चालवावा.

ज्यांना ससा आणायचाच आहे त्यांना मी अडवणार नाही. फक्त वेळ बदला, असे सांगेन. वैशाखात आणू नका, श्रावणात तर नकोच. कार्तिक-मार्गशीर्षात आणा. तेव्हा हवा कोरडी असते, नवे गवत गंजीत असते आणि पावसाळा यायच्या आत सशाला घराची, घराला सशाची सहा महिने सवय होते. घेताना दुकानात दहा मिनिटे नुसते उभे राहून ऐकावे. त्या रांगेतला एकही ससा शिंकत असेल तर त्या दुकानातून घेऊ नये, कारण शेजारच्या पिंजऱ्यातला आज न शिंकणारा पुढच्या आठवड्यात शिंकेल. घरी आधीचा ससा असेल तर नव्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावे. गिनीपिगाच्या पिंजऱ्यात ससा ठेवू नये, सशाच्या नाकातले काही जंतू गिनीपिगाला फार बाधतात. आणि आठ-दहा वर्षे त्याला कोण सांभाळणार, मुंबईला जाणारी मुले की गावची आजी, हे आधी ठरवावे.

आज ज्यांच्या घरी घोरणारा ससा आहे त्यांनी मोबाइल काढावा, पण हसण्यासाठी नको. दवाखान्यात नेले की ससा भीतीने गोठतो आणि आवाज बंद करतो, डॉक्टरांना काहीच ऐकू येत नाही. म्हणून घरीच, उजेडात, एक मिनिटाचे चित्रण करावे. नाक, कुशी आणि पुढच्या पायांची आतली बाजू दिसली पाहिजे, घरच्यांनी तेवढा वेळ गप्प राहावे आणि पंखा बंद करावा. कागदावर लिहावे: आवाज कधीपासून, झोपेत की जागेपणी, शिंका किती, शेवटचे कधी खाल्ले, लेंड्या किती, आणि घरातले कोणते औषध कोणी पाजले असेल तर त्याचे नाव. हे शेवटचे लपवू नये, डॉक्टर रागावले तरी चालेल. तोंड उघडून श्वास चालू असेल तर चित्रणही नको. हवेशीर टोपलीत, पाठीवर न उताणे करता, उन्हापासून जपून थेट निघावे.